थैली बंद झाल्यावर

आमच्या घरात एक पाट असा होता की त्यावर कोणी जेवायला बसायचं नाही. जावई येवो की पाहुणा येवो, त्याला दुसरा पाट. हा पाट टपालाच्या थैलीचा. जाड खाकी कापडाची, तोंडाशी हात लागून लागून काळी पडलेली, दीड हात लांब अशी ती थैली. सकाळी अकराच्या सुमारास डाकवाले शेखचाचा बार्शीटाकळीहून सायकलवर ती घेऊन यायचे, ओसरीत ती रिकामी व्हायची, पाटावर चपटी होऊन पडायची, आणि तीन वाजता गावच्या चिठ्ठ्या पोटात घालून पुन्हा चाचांच्या सायकलवर चढायची. मांजर त्या पाटावर बसलं तर हाकललं जायचं. लहानपणी एकदा मी त्यावर बसून कैरी खाल्ली होती. बाबा रागावले नाहीत, उठ म्हणालेसुद्धा नाहीत, नुसते समोर उभे राहून पाहत राहिले. मीच उठले. मार खाल्ला असता तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं होतं.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण माझी नात. जुई तिचं नाव. आमच्या अमरावतीच्या घरात मी, मुलगा, सून आणि ही. मुलगा-सून कामावर गेले की दुपारभर आम्ही दोघीच. मी गुडघ्याला तेल चोळत बसते, ती मांडीवर ते यंत्र घेऊन बसते. तिचं शिक्षण संपलं आणि नोकरीचे अर्ज सुरू झाले. दिवसभर एकच, मेल केला, मेल आला नाही, मेल पाहते. ऐकून ऐकून माझंच डोकं शिणलं. आमच्या लहानपणी मेल म्हणजे अकोल्याला थांबणारी मोठी गाडी. बाबा म्हणायचे, "आपली थैली बार्शीटाकळीवरून अकोल्याले जाते, आन् अकोल्यावरून मेल तिले घेऊन जाते." मला वाटायचं मेल ही थैलीची कोणी मोठी बहीण असावी, हात धरून नेणारी. तर परवा मी जुईला म्हटलं, अगं, हा मेल शब्द आला कुठून ते तरी पाहा त्या यंत्रात. तिनं पाहिलं आणि हसली. म्हणाली, "आजी, मेल म्हणजे मुळात थैली! फ्रेंच लोकांच्या जुन्या भाषेतून आला म्हणे इंग्रजीत. आधी प्रवासात न्यायची कोणतीही थैली, मग चिठ्ठ्यांची थैली, मग थैलीतल्या चिठ्ठ्या, आणि आता हे." हे म्हणताना तिनं यंत्रावर बोट आपटलं. मी तेलाची वाटी खाली ठेवली. एवढ्या वयात आता मला कळलं, की ज्या शब्दाचा अर्थ तू शब्दकोशात शोधलास, तो तुमच्याच ओसरीतल्या पाटावर बसलेला होता.

तर ती ओसरी. आम्ही जातीचे माळी. गावाला लागून दोन एकर, विहीर आणि बारमाही भाजीपाला. वांगी, मेथी, पालक, मिरची आणि सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तिला कोथिंबीर कोणी म्हणत नाही. गावच्या टपालाचं काम तेव्हा अशाच माणसाकडे द्यायचे, ज्याच्या घरी आधीच दोन घास असतील आणि ज्याला लिहिता-वाचता येत असेल. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर मोत्यासारखं, म्हणून ते गावचे पोस्टमास्तर झाले आणि ओसरीच्या एका कोपऱ्यात सरकार येऊन बसलं. कोपऱ्यात एक मेज, त्यावर पितळी तराजू, शाईची गादी, तारखेचा शिक्का, लाखेची कांडी, मेणबत्ती आणि पितळेची मोहर. बाहेरच्या खांबाला लाल डबा. ओसरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात माय भाजी निवडायची. तिच्या जुड्या बांधण्याची सुतळी आणि बाबांची थैली बांधण्याची सुतळी वेगवेगळ्या खिळ्यांना, आणि ती एकमेकींत गेली की भांडण. बाबा मेजावर एक पानही पडू द्यायचे नाहीत, पण वासाला कोण अडवणार? अकोल्यात आमच्या गावचा एक वकिलाचा कारकून होता, तो दिवाळीला आला की म्हणायचा, "मास्तर, घरची चिठ्ठी आली की मी नाव वाचतच नाही. सांभाराचा वास आला की समजतो, मायनं आठवण काढली." बाबांना ते आवडायचं नाही. मायला फार आवडायचं.

दुपारचा आवाज म्हणजे शिक्क्याचा. ठप्प, ठप्प, मध्ये गादीवर एक मऊ टप. माझ्या पाळण्याला तीच लय होती म्हणायची माय. शेखचाचा तोवर ओसरीच्या पायरीवर डबा उघडायचे. त्यांच्या डब्यात रोटी आणि सुकी भाजी, आमच्याकडून त्यात अंबाडीची भाजी, कधी झुणका, भाकरीचा चतकोर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेचा खाऊन ते सूं सूं करायचे आणि म्हणायचे, "भाभी, हे सरकारी डाक नेणाऱ्या माणसाले माराचं काम हाये." माय आतून म्हणायची, "मंग दही घ्या न, कोन नाही म्हनते?" आणि दह्याची वाटी पदराआड धरून बाहेर आणायची. वर्षानुवर्षं तेच बोलणं. आता कोणी मला विचारलं की सुख कशाला म्हणतात, तर मी ती वाटी दाखवीन. पण वाटी नाही, माय नाही, चाचा नाहीत, आणि मलाही आता ठेचा सोसत नाही.

बाबा माणूस कडक नव्हता. तसं पाहिलं तर ढिलाच. कोणत्याही गोष्टीला त्यांचं एक उत्तर, "पाहू." विहिरीचा मोटदोर बदलायचा? पाहू. मायला धारणीला माहेरी पाठवायचं? पाहू. पाहता पाहता हंगाम निघून जायचा. पण टपालाच्या मेजावर बसले की ते दुसरेच कोणी व्हायचे. रोज पावणेतीनला डबा उघडायचा, चिठ्ठ्यांवर शिक्के मारायचे, रजिस्टर असेल तर यादीत लिहायचं, सगळं थैलीत, थैलीचं तोंड चुण्या घालून आवळायचं, सुतळीचे तीन फेरे, गाठ, मेणबत्तीवर लाख वितळवायची, थेंब थेंब गाठीवर पाडायची आणि मोहर दाबून धरायची. मोहर उचलली की त्यांचं काम संपलं. नंतर चिठ्ठी घेऊन कोणी धावत आलं तरी, "मोहर लागली. उद्या." एकदा गावचे पाटील स्वतः आले होते. त्यांनाही तेच. पुढे बाबांची उजव्या हाताची बोटं थरथरायला लागली, लाख भलतीकडेच पडायची, म्हणून मोहर लावायचं काम माझ्याकडे आलं. मी सातवी पास होऊन घरी बसले होते, चौदा-पंधराची असेन. लाख किती वितळली की मोहर साफ उठते, हे मला भाकरी फुगण्यासारखं कळायचं. बाजाराच्या दिवशी बाबा भाजी घेऊन बार्शीटाकळीला जायचे, त्या दिवशी तर थैली सगळी मीच बंद करायची. चाचा म्हणायचे, "मास्तरीण बाई, झाली का तुमची सरकार?"

आता मायची गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय माझी कळायची नाही. माझ्या गोष्टीच्या आदल्या वर्षी मला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस माय उशाशी. त्यातच धारणीहून मामाचं कार्ड आलं, की आईची तब्येत बरी नाही, ती तुझं नाव घेऊन राहिली, येतेस की नाही ते कळव. धारणी म्हणजे मेळघाटातलं गाव, तेव्हा पोहोचायला दोन दिवस लागायचे. मला टाकून ती कशी जाणार? तिनं बाबांना दोनदा विचारलं, ते म्हणाले, पाहू. शेवटी एका दुपारी तिनं शेजारच्या पोरीकडून कार्ड लिहून घेतलं, की शेवंताचा, म्हणजे माझा, ताप उतरला की मी निघालेच, तोवर वाट पाहा. आणि ते कार्ड घेऊन, हाताला पीठ तसंच, ती ओसरीत आली. मी खाटेवरून ऐकत होते.

"आयकलं का, एवढं एक घाला त्यात."

"मोहर लागली."

"आत्ता तर लागली. लाख ओली हाये अजून."

"ओली असो का वाळली. लागली."

एवढंच. आवाज चढला नाही कोणाचा. कार्ड दुसऱ्या दिवशीच्या थैलीतून गेलं. ते धारणीला पोहोचलं तेव्हा आजीला जाऊन एक दिवस झाला होता. मामा पुढे आला तेव्हा सांगत होता, की ती रोज टपालवाल्याची चाहूल घ्यायची, तो दारावरून गेला की तोंड भिंतीकडे फिरवायची. माय रडली नाही. आठ-पंधरा दिवस कोणाशी धड बोलली नाही, आणि मग एक दिवस पुन्हा बाबांना ताट वाढताना म्हणाली, "मिरची कमी टाकली आज." सगळं आधीसारखं झालं. बायका विषय काढायच्या तेव्हा ती म्हणायची, "सरकारची मोहर ते. ते काय त्याईच्या हातात हाये? एकदा लागली की खुद्द कलेक्टरानं म्हटलं तरी तुटत नाही." हे ती इतक्या वेळा म्हणायची, की मला कळायला लागलं होतं, ही आपल्यालाच सांगते आहे. त्या एका वाक्यावर तिनं आपला संसार पुन्हा उभा केला होता.

मग माझ्या कागदाची गोष्ट. अमरावतीला परिचारिकेचं शिक्षण होतं, राहायची-जेवायची सोय तिथंच, आणि सातवी पास मुलगी चालायची. गावात आलेल्या नर्सबाईंनी मला कोरा अर्ज आणून दिला. तापात मी त्यांना पाहिलं होतं, त्यांचा हात कपाळावर आला की बरं वाटायचं. आपणही तसं व्हावं, एवढंच मला हवं होतं. अर्ज भरला, सगळ्या रकान्यांत, खाडाखोड न करता. खाली पालकाची सही. अर्ज रजिस्टर टपालानंच पाठवावा असं त्यावर छापलेलं, आणि शेवटचा दिवस गुरुवार. मी बाबांना आठ दिवस आधी दिला. ते म्हणाले, पाहू. तराजूखाली ठेवला. रोज मी मेज पुसताना तो उचलायची, पुसायची, परत ठेवायची. माय काही म्हणत नव्हती, पण एकदा तिनं चुलीसमोर विचारलं, "तिथं भाकर देतात का पोळी?" म्हणजे ती तयार होती.

बुधवार बाजाराचा. सकाळी बाबा वांग्याचं पोतं आणि सांभाराच्या जुड्या घेऊन निघाले. मी वेशीपर्यंत मागे गेले. म्हटलं, बाबा, आजच्या थैलीत गेला तरच उद्या पोहोचते. ते थांबले, मागे वळून म्हणाले, "तीनच्या आत येतो. आलो की सही करतो." पाहू म्हणाले नाहीत. येतो म्हणाले. मी धावत घरी आले आणि लिफाफ्यावर पत्ता लिहिला. तो लिहितानाचा आनंद मला अजून बोटात आहे.

पावणेतीन झाले. चाचांचं जेवण झालं. बाबा नाहीत. मी डबा उघडला, शिक्के मारले. पाच कार्डं, दोन पाकिटं. थैलीत टाकली. सुतळी आवळली नाही. तीनला पाच कमी. चाचा रस्त्याकडे पाहत होते. माय भाकरी टाकता टाकता दोनदा दारात येऊन गेली. तीन वाजले. चाचा म्हणाले, "बेटी, थांबू का जरा?" आणि मी, देव जाणे का, म्हटलं, "नाही चाचा, टाइम झाला." मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. बाबा असते तर त्यांनी तेच केलं असतं, आणि त्यांच्या जागेवर मी बसले होते, एवढंच मला कळत होतं. सुतळीचे तीन फेरे, गाठ, लाख, मोहर. साफ उठली. अशी साफ मोहर मी आधी कधी लावली नव्हती.

चाचांनी थैली उचलायला हात घातला आणि बाबा अंगणात आले. घामानं ओले, टोपी हातात, रिकामं पोतं खांद्यावर. त्यांनी काहीच विचारलं नाही. सरळ मेजाशी गेले, तराजूखालून अर्ज ओढला आणि उभ्या उभ्या सही केली. थरथरणाऱ्या हाताची वेडीवाकडी सही. मग मान वर केली आणि थैली पाहिली.

चाचाच आधी बोलले. "मास्तर, दहा मिनट थांबतो मी. सायकल जोरात हाकलीन. नाही तर द्या माह्यापाशी, खिशात नेतो."

"रजिस्टर हाये ते," बाबा म्हणाले. "यादीत लिहाव लागते. थैलीतूनच जाते."

मग ते माझ्याकडे वळले. "तूच लावली ना मोहर?"

"हाव."

बाबांनी मायच्या कोपऱ्यातला जुड्यांची सुतळी कापायचा चाकू उचलला आणि माझ्यापुढे धरला. "मंग तूच तोड. पुन्हा लावू. मी नाही म्हनत नाही."

मी चाकू हातात घेतला. खोटं कशाला सांगू, घेतला. सुतळीखाली त्याचं टोक घातलंसुद्धा. लाख अजून गरम होती, बोटाला चटका बसला. आणि मागून मायचा आवाज आला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, एका हातात उलथनं, दुसऱ्या हातानं चौकट धरलेली.

"म्हंजे तुटते हे?"

तव्यावरची भाकर जळायला लागली, तिचा वास ओसरीत आला. बाबा त्या मेजाकडे पाहत होते. चाचांनी तोंड अंगणाकडे फिरवलं.

"आयकलं का," माय म्हणाली. खूप हळू म्हणाली. "तुटते का हे?"

बाबांनी तोंड उघडलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कधीच कळलं नाही, कारण त्यांच्या आधी मी बोलले. चाकू सुतळीतून काढला आणि म्हटलं, "कुठं तुटते माय? बाबा मस्करी करून राह्यले. सरकारची मोहर ते. न्या चाचा थैली, तुमाले उशीर होते."

चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. थैली उचलली, मागच्या कॅरिअरवर ठेवली, दोरी आवळली. सायकलची घंटी वेशीपर्यंत ऐकू येत होती. तोवर माय आत जाऊन जळकी भाकर खाली उतरवत होती आणि बाबा त्या रिकाम्या पाटाजवळ बसले होते. सही केलेला अर्ज त्यांच्याच हातात होता.

त्या संध्याकाळी मायनं पातोडीची भाजी केली. मला आवडते म्हणून केली, की बेसन होतं म्हणून केली, ते मी विचारलं नाही. तिनंही मला काही विचारलं नाही. बाबांना ताट वाढताना ती म्हणाली, "मीठ लागंल तर सांगा." पुन्हा तेच दिवस.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहते तर बाबा नाहीत. अर्जही नाही. ते पहिल्या गाडीनं निघून गेले होते, अर्ज हातानं द्यायला. त्या दिवशीची थैली मीच बंद केली. ते परत आले दुसऱ्या दुपारी, धुळीनं भरलेले. वाटेत मोटार बंद पडली होती. अमरावतीच्या त्या कचेरीत पोहोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. कारकून आलेले सगळे अर्ज लाल फडक्यात बांधत होता.

"मंग?" माय म्हणाली.

"गाठ मारून झालती त्याची," बाबा म्हणाले.

"तुमी काही बोलले नाई त्याले? सोड म्हनाचं न गाठ."

"काय बोलू? त्याचं बरोबर होतं."

आणि त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. रस्त्याच्या कडेला जुन्या पुस्तकवाल्याकडून घेतलेला इंग्रजी-मराठी शब्दकोश. पुठ्ठा नव्हता, पहिली तीन-चार अक्षरंही उंदरांनी खाल्लेली. म्हणाले, "घरी बसूनच शीक थोडं थोडं." आमच्या बाबांना माफी मागता यायची नाही. त्यांनी मला शब्दकोश आणला.

त्याच पुस्तकावर मी इंग्रजी शिकले. पुढच्या उन्हाळ्यात लग्न होऊन अमरावतीला आले, नवऱ्याचा फुलांचा धंदा, पहाटे शेवंतीच्या आणि निशिगंधाच्या राशी, त्यात बसून मी गजरे ओवता ओवता शब्द पाठ करायची. मेल हा शब्द मी पहिल्याच आठवड्यात शोधला होता. तिथं दोन अर्थ होते, टपाल आणि लोखंडी कड्यांचं चिलखत. मी दोन्हीची सांगड घातली होती मनाशी, की चिठ्ठी ही आतल्या माणसाला जपणारी असते म्हणून चिलखत. पन्नास वर्षं मी तेच धरून बसले. जुईनं परवा तेही मोडलं. "नाही गं आजी, ते दोन वेगळे शब्द आहेत. चिलखतवाला जाळीच्या भोकांवरून आला. लिहायला सारखे, एवढंच." बरं बाई. माझं चिलखतही गेलं.

पण थैलीचं मला पटलं. आम्ही म्हणायचो चिठ्ठी महत्त्वाची. बाबांच्या लेखी महत्त्वाची थैली. एक चिठ्ठी राहिली तर राहिली, पण थैली ज्या वेळी बंद व्हायची त्या वेळी बंद व्हायला हवी, म्हणजे गावातल्या सगळ्यांना ठाऊक असतं की तीनच्या आत टाकलेलं जातंच. ते चुकीचं नव्हतं. तसा एक माणूस गावात असावा लागतो. फक्त त्या माणसाच्या घरातल्यांना ते जड जातं. आणि अलीकडे, असं दुपारचं पडल्या पडल्या, मला दुसरंच वाटतं. त्या दिवशी बाबांनी चाकू माझ्यासाठी उचलला नव्हता. तो त्यांना मायच्या देखत उचलायचा होता. वर्षभर जे तोंडातून निघालं नाही ते त्यांना मोहर तोडून सांगायचं होतं, की हो, तुटत होती, मी तोडली नाही. मी मध्ये बोलले. मायचं वाक्य वाचवलं आणि बाबांचं गिळायला लावलं. माझं शिक्षण गेलं त्याचं मला आता फारसं वाटत नाही. नर्स झाले असते तरी आता गुडघेच धरून बसले असते. पण ते दोघं पुढे तीस वर्षं एका घरात राहिले, आणि तो एक प्रश्न त्यांच्या मध्ये तसाच, न उघडता. बाबा आधी गेले. माय शेवटच्या आजारात अमरावतीला माझ्याकडेच होती. एकदा मी तिला पेज भरवत होते, तेव्हा ती माझ्या बोटाकडे पाहत राहिली. लाखेचा तो डाग अजून आहे, मसुराएवढा. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "दुखते का वं?" मी म्हटलं, नाही. ती एवढंच विचारत होती की आणखी काही, ते मी तेव्हाही ओळखलं, आणि तेव्हाही नाहीच म्हटलं.

काल दुपारी जुईनं शेवटचा म्हणून एक अर्ज पाठवला. पुण्याची कोणती तरी मोठी जागा. किती वेळ तिचं बोट तसंच वर होतं. मग दाबलं आणि एकदम ओरडली, "अरे देवा, फोटो जोडायचा राहिला!"

मी तिच्याकडे सरकले. "गेला का?"

"थांब थांब. मागे घेता येते." तिनं काहीतरी केलं. "घेतला. पाच-दहा सेकंद असतात आजी, तेवढ्यात मागे घेतला तर कोणाला कळतसुद्धा नाही."

"म्हंजे तुटते?" मी विचारलं.

"काय तुटते?"

ती फोटो शोधायला लागली होती, तिला उत्तर नको होतं. मी उठले, भिंत धरत धरत आत गेले. आतल्या खोलीत मायचा एकच फोटो आहे, लग्नातला, बाबांशेजारी अंग चोरून उभी. त्यावर धूळ होती, ती पदरानं पुसली. बाहेरून जुईचा आवाज आला, "आजी, गेला! आता खरंच गेला!" मी म्हटलं, बरं झालं. मग फोटोच्या अगदी जवळ तोंड नेलं, आणि एवढ्या वर्षांनी, त्या दोघांनाही ऐकू जाईल इतपत आवाजात म्हटलं, "हाव माय. तुटत होती."